टी-आय-ओ-एन : 'शन' कुळातले शब्द



आपल्या भित्तिपत्रकात या वेळी इंग्रजीचा पाठ लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. पण घाबरू नका. हा पाठ वाचून झाला म्हणजे तुम्हांला तीस-पस्तीस इंग्रजी शब्द वाचता येतील, लिहिता येतील आणि त्यांचे अर्थही सांगता येतील. गंमत म्हणजे त्यांतले बरेचसे शब्द तुम्ही रोज बोलता. पाठाच्या शेवटी मी अशा एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे, जो आमच्या घरी एका बाटलीवर लिहिलेला होता आणि जो कोणालाच वाचता येत नव्हता. ती गोष्ट पालकांनी जरूर वाचावी.

१. फळा कसा भरला

एके दिवशी सरांनी वर्गात विचारले, "तुम्हांला इंग्रजीचे किती शब्द येतात?" सगळे गप्प. कोणी खाली पाहू लागले, कोणी खिडकीबाहेर. मग सर म्हणाले, "बरे, इंग्रजी राहू द्या. काल तुमच्या घरी काय काय झाले तेवढे सांगा."

तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडे उघडली. एक म्हणाला, "आमची आजी रेशन आणायला गेली होती." दुसरी म्हणाली, "माझ्या लहान भावाला इंजेक्शन दिले." तिसरा म्हणाला, "आमच्या घरी नळाचे कनेक्शन घ्यायचे आहे." कोणी इलेक्शनचे बोलले, कोणी मामाच्या ऑपरेशनचे, कोणी स्टेशनचे. सर काही न बोलता एक एक शब्द फळ्यावर लिहीत गेले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाहा, फळा भरला. हे सगळे शब्द इंग्रजी आहेत. आणि म्हणे आम्हांला इंग्रजी येत नाही!"

आम्ही पाहतच राहिलो. मग सरांनी प्रत्येक शब्दाची शेवटची चार अक्षरे रंगीत खडूने गोल केली. सगळीकडे तीच चार अक्षरे होती : टी-आय-ओ-एन.

२. चार अक्षरे, एक उच्चार

टी, आय, ओ, एन ही चार अक्षरे शब्दाच्या शेवटी एकत्र आली की त्यांचा उच्चार बहुधा 'शन' असा होतो. 'टिऑन' नाही, 'टिओन' नाही, 'शन'. एवढा नियम पाठ करा. आता सोपा शब्द घेऊ.

आर-ए-टी-आय-ओ-एन. शेवटच्या चार अक्षरांवर बोट ठेवा. ते झाले 'शन'. राहिले आर आणि ए. शब्द झाला रेशन. आपल्याकडे कोणी रेशन म्हणतात, कोणी राशन. इंग्रज लोक बहुतेक 'रॅशन' म्हणतात. अर्थ : ठरवून दिलेला वाटा, शिधा.

आता पहिले अक्षर आर पुसा आणि तेथे एन लिहा. एन-ए-टी-आय-ओ-एन. झाले नेशन. अर्थ : राष्ट्र.

आता एन पुसा आणि तेथे एस-टी लिहा. एस-टी-ए-टी-आय-ओ-एन. झाले स्टेशन. अर्थ : स्थानक.

बघा, एक शब्द पाठ केला आणि तीन आले!

आपले हिवरखेड हे अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरचे स्टेशन. अकोला-अकोट मीटरगेज गाडी २०१७ साली बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. जुन्या गाडीच्या आठवणी घरोघरी आहेत. माझी आजी स्टेशनला 'टेशन' म्हणते. उच्चार थोडा निराळा असेल, पण शब्द तोच आणि अर्थही तोच.

स्टेशन या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे 'स्ता' म्हणजे उभे राहणे. आपल्या संस्कृतातही 'स्था' म्हणजे उभे राहणे. स्थान, स्थानक हे आपले शब्द त्याच्यापासून झाले. लॅटिन आणि संस्कृत या दूरच्या बहिणी आहेत, म्हणून स्टेशन आणि स्थानक हे एकमेकांचे नातेवाईक ठरतात.

३. गावात ऐकू येणारे शब्द

खाली शब्द, त्याची अक्षरे आणि अर्थ दिला आहे. मोठ्याने वाचा. शेवटी 'शन' म्हणायला विसरू नका.

इलेक्शन : ई-एल-ई-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ निवडणूक.

कनेक्शन : सी-ओ-एन-एन-ई-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ जोडणी. यात एन तीन वेळा येतो. मधले दोन आणि शेवटचा एक.

इरिगेशन : आय-आर-आर-आय-जी-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ सिंचन, पिकाला पाणी देणे. वारी भैरवगडजवळ वाण नदीवर धरण आहे, त्याच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. तेथील कालव्याच्या कामाला मोठी माणसे 'एरिगेशन' म्हणतात, तोच हा शब्द.

जंक्शन : जे-यू-एन-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ जेथे दोन किंवा अधिक रेल्वेमार्ग मिळतात ते स्थानक. अकोला जंक्शन आहे.

ऑक्शन : ए-यू-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ लिलाव. आपल्या बाजार समितीत ज्याला हर्रास म्हणतात, तोच. याच्या सुरुवातीला ए आणि यू मिळून 'ऑ' झाला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अप्लिकेशन : ए-पी-पी-एल-आय-सी-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ अर्ज.

एज्युकेशन : ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ शिक्षण. हा शब्द आपल्या वऱ्हाडात फार मानाचा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकावे ही त्यांची तळमळ होती. पुढे ते भारताचे कृषिमंत्री झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, त्यालाही त्यांचेच नाव आहे.

४. दवाखान्यातले शब्द

इंजेक्शन : आय-एन-जे-ई-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ सुई टोचून औषध शरीरात सोडणे.

ऑपरेशन : ओ-पी-ई-आर-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ शस्त्रक्रिया.

प्रिस्क्रिप्शन : पी-आर-ई-एस-सी-आर-आय-पी-टी-आय-ओ-एन. अर्थ डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी. शब्द मोठा आहे, तुकडे करून वाचा : प्रि, स्क्रिप, शन.

व्हॅक्सिनेशन : व्ही-ए-सी-सी-आय-एन-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ लस टोचणे, लसीकरण.

या शेवटच्या शब्दात एक गाय लपलेली आहे. खोटे वाटते ना? लॅटिन भाषेत गाईला 'वॅका' म्हणतात. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, गाईच्या अंगावर येणाऱ्या सौम्य देवीची लस माणसाला टोचली तर त्याला माणसाची भयंकर देवी होत नाही. गाईवरून मिळालेली म्हणून तिला व्हॅक्सिन हे नाव पडले. आपल्या देशात ही लस पहिल्यांदा मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली सगळ्या जगातून देवी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. तुमच्या आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावर गोल वण असेल तर पाहून घ्या. 'देवी काढल्या' असे ते म्हणतात, तेच हे व्हॅक्सिनेशन.

५. आपल्या दप्तरातले शब्द

गणिताच्या तासाला आपण चार क्रिया करतो. त्यांतल्या तीन या कुळातल्या आहेत.

अॅडिशन : ए-डी-डी-आय-टी-आय-ओ-एन. अर्थ बेरीज.

सबट्रॅक्शन : एस-यू-बी-टी-आर-ए-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ वजाबाकी.

मल्टिप्लिकेशन : एम-यू-एल-टी-आय-पी-एल-आय-सी-ए-टी-आय-ओ-एन. अर्थ गुणाकार.

भागाकाराला डिव्हिजन म्हणतात. तो या कुळातला नाही, चुलत भाऊ आहे. त्याच्यात टी नाही, एस आहे : डी-आय-व्ही-आय-एस-आय-ओ-एन. म्हणून त्याच्या शेवटी 'शन' न होता 'झन' सारखा उच्चार होतो.

आणखी दोन शब्द :

फ्रॅक्शन : एफ-आर-ए-सी-टी-आय-ओ-एन. अर्थ अपूर्णांक.

सोल्यूशन : एस-ओ-एल-यू-टी-आय-ओ-एन. याला दोन अर्थ आहेत. गणिताच्या वहीत सोल्यूशन म्हणजे उत्तर काढण्याची रीत, उकल. विज्ञानाच्या पुस्तकात सोल्यूशन म्हणजे द्रावण. पाण्यात साखर विरघळली की झाले द्रावण.

६. मग टी लिहून 'श' का म्हणायचे?

आमच्या वर्गातील एका मुलाने सरांना हा प्रश्न विचारला. प्रश्न बरोबर आहे. टी म्हणजे 'ट', मग 'श' कोठून आला?

सरांनी सांगितले ते असे. हे शब्द मुळात इंग्रजांचे नाहीत. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या सरदाराने इंग्लंड जिंकले. त्यानंतर बराच काळ तेथील दरबारात फ्रेंच भाषा चालली. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेले असे पुष्कळ शब्द इंग्रजीत शिरले. पुढे शेकडो वर्षे लोक ते शब्द बोलत राहिले. भरभर बोलताना अक्षरे एकमेकांत मिसळली आणि शेवटी 'शन' उरले. बोलणे बदलले, पण लिहिणे जुनेच राहिले.

आपल्याकडे असे होत नाही का? होते की! आपण वहीत 'शाळा' लिहितो आणि घरी 'शाया' म्हणतो. लिहितो 'डोळा', म्हणतो 'डोया'. लिहितो 'काळा', म्हणतो 'काया'. आपल्या वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' झाला, तसा त्यांच्याकडे टी-आय चा 'श' झाला. जगातल्या सगळ्या भाषांत बोलणे पुढे पळते आणि लिहिणे मागून चालते. म्हणून कोणाच्या बोलण्याला हसू नये.

७. इंग्रजीतली 'णी'

हा 'शन' करतो तरी काय? तो क्रियापदाचे नाम करतो. मराठीत हेच काम 'णी' करते. पेरणे, पेरणी. कापणे, कापणी. वेचणे, वेचणी. नोंदणे, नोंदणी. आता इंग्रजी पाहा :

अॅक्ट म्हणजे कृती करणे, अॅक्शन म्हणजे कृती.
इलेक्ट म्हणजे निवडून देणे, इलेक्शन म्हणजे निवडणूक.
कनेक्ट म्हणजे जोडणे, कनेक्शन म्हणजे जोडणी.
कलेक्ट म्हणजे गोळा करणे, कलेक्शन म्हणजे गोळा केलेले.
इन्स्पेक्ट म्हणजे तपासणे, इन्स्पेक्शन म्हणजे तपासणी.

जोडणे-जोडणी, तपासणे-तपासणी. मराठीतली 'णी' आणि इंग्रजीतला 'शन' एकाच कामावर लागलेले दोन मजूर आहेत. आणि जो माणूस ते काम करतो, त्याच्या शेवटी ओ-आर लागते : कलेक्टर, इन्स्पेक्टर, ऑपरेटर.

८. फसवे शब्द

'शन' ऐकू आले की डोळे मिटून टी-आय-ओ-एन लिहू नका. काही शब्द फसवे आहेत. माझे स्वतःचे शुद्धलेखनात तीन चुकले, म्हणून मी ते वेगळे लिहून ठेवले आहेत.

पेन्शन : पी-ई-एन-एस-आय-ओ-एन. अर्थ निवृत्तिवेतन. येथे टी नाही, एस आहे.

अॅडमिशन : ए-डी-एम-आय-एस-एस-आय-ओ-एन. अर्थ प्रवेश. येथे दोन एस आहेत.

कमिशन : सी-ओ-एम-एम-आय-एस-एस-आय-ओ-एन. एक अर्थ दलाली, दुसरा अर्थ आयोग. दोन एम आणि दोन एस.

फॅशन : एफ-ए-एस-एच-आय-ओ-एन. अर्थ चालरीत, नवी तऱ्हा.

ओशन : ओ-सी-ई-ए-एन. अर्थ महासागर. याचे तर सगळेच निराळे.

आता उलट प्रकार. क्वेश्चन या शब्दात टी-आय-ओ-एन आहे : क्यू-यू-ई-एस-टी-आय-ओ-एन. अर्थ प्रश्न. पण येथे 'शन' होत नाही, 'चन' होते. कारण टी च्या आधी एस उभा आहे. सजेशन, म्हणजे सूचना, यातही टी च्या आधी एस आहे. आपण त्याला सजेशन म्हणतो, पण इंग्रजीत उच्चार 'सजेस्चन' असा आहे. एस दिसला की सावध!

९. बाटलीवरचा शब्द

आता कबूल केलेली गोष्ट.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कपाशीवर मावा आणि तुडतुडे आले होते. बाबांनी फवारणीचे औषध आणले. रात्री कंदिलाजवळ, म्हणजे लाईट गेली होती म्हणून, मी अभ्यास करीत होते. बाटली कोनाड्यात ठेवायला बाबांनी उचलली, तेव्हा मला तिच्यावर एक चौकट दिसली. चौकोन टोकावर उभा केल्यासारखी. तिचा खालचा अर्धा भाग हिरवा होता आणि वरच्या भागात एक शब्द होता. मी अक्षरे लावून पाहिली : सी-ए-यू-टी-आय-ओ-एन. मी वाचले, "काउटिओन."

बाबा हसले. म्हणाले, "तुले तरी कुठं येते माय! मी पाचवीत एबीसीडी शिकलो अन् सातवीत सोडून देल्लं. तू तं पहिलीपासून शिकून रायली."

बाबांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे मला तर यायला पाहिजे होते. मला लाज वाटली.

मी विचारले, "बाबा, हे हिरवं कशाचं निशाण आहे?"

ते म्हणाले, "हिरवं म्हंजे साधं औषध. जहर नाई ते. याच्यानं काई होत नाई."

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीप्रमाणे बनियन घालून, उघड्या हातांनी फवारायला गेले. संध्याकाळी आले तेव्हा डोके दुखते म्हणून न जेवता निजले. आई रात्रभर जागी होती. सकाळपर्यंत त्यांना बरे वाटले. उन्हाने झाले असेल असे सगळे म्हणाले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सरांनी वर्गात टी-आय-ओ-एन शिकवले. फळ्यावर ऑक्शन हा शब्द आला, ए आणि यू मिळून 'ऑ', आणि माझ्या मनात एकदम ती बाटली उभी राहिली. सी-ए-यू म्हणजे 'कॉ'. टी-आय-ओ-एन म्हणजे 'शन'. कॉशन! मी तासातच सरांकडे शब्दकोश मागितला. त्यात अर्थ होता : सावधगिरी, खबरदारी, इशारा.

शाळा सुटल्यावर मी धावतच घरी गेले. बाबांना म्हणाले, "बाबा, ते साधं औषध नाही. त्याच्यावर 'जपून' असं लिहिलं आहे."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाटलीचा खोका शोधला. तो आईने चुलीजवळ ठेवला होता. त्याच्यात घडी केलेला कागद होता. आम्ही उघडून पाहिला तर त्याच्यावर मराठीतही सगळे छापलेले! हातमोजे घाला, तोंडावर मास्क लावा, वाऱ्याच्या उलट फवारू नका, फवारताना खाऊ-पिऊ नका, विडी ओढू नका, नंतर साबणाने अंग धुवा. विषबाधेची लक्षणे कोणती आणि डॉक्टरांनी उतारा कोणता द्यायचा, तेही होते. बाबांनी तो कागद चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. म्हणाले, "एवढे वर्ष मी हा कागद फेकूनच देत होतो."

मग त्यांनी मला विचारले, "लाल निशानावर काय लिहिलेलं रायते?"

मला ते माहीत नव्हते. मी सरांना विचारून आले. ते तुम्हांलाही माहीत असावे म्हणून येथे लिहिते.

१०. चार रंग, तीन शब्द

भारत सरकारने १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा केला आणि १९७१ साली त्याचे नियम केले. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर ही चौकट असते. वरच्या त्रिकोणात इशारा आणि खालच्या त्रिकोणात रंग.

लाल रंग : अत्यंत विषारी. वर कवटी व हाडांचे चित्र आणि पॉइझन हा शब्द. पी-ओ-आय-एस-ओ-एन. अर्थ विष.

पिवळा रंग : खूप विषारी. वर पॉइझन हाच शब्द, पण कवटी नसते.

निळा रंग : मध्यम विषारी. वर डेंजर हा शब्द. डी-ए-एन-जी-ई-आर. अर्थ धोका.

हिरवा रंग : त्या मानाने कमी विषारी. वर कॉशन हा शब्द. सी-ए-यू-टी-आय-ओ-एन. अर्थ सावध राहा, जपून वापरा.

नीट लक्ष द्या. चारही रंगांत 'काही होत नाही' असा रंग एकही नाही. हिरवा सिग्नल म्हणजे 'जा', पण बाटलीवरचा हिरवा म्हणजे 'जपून जा'.

कॉशनचा एक मोठा भाऊ आहे. प्रिकॉशन : पी-आर-ई-सी-ए-यू-टी-आय-ओ-एन. 'प्रि' म्हणजे आधी. आधीच घेतलेली काळजी ती प्रिकॉशन. आणि आठवते का, सोल्यूशनचा दुसरा अर्थ द्रावण? पंपात पाणी आणि औषध मिसळून जे तयार होते, त्यालाही सोल्यूशन म्हणतात. ते हाताने ढवळायचे नसते, काठीने ढवळायचे. पंपाचे नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नसते.

हे मी उगीच वाढवून लिहीत नाही. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्यांच्या घरीही आपल्यासारखी शाळेत जाणारी मुले असतील. औषधे कोणती होती, ती कशी मिसळली, वारा कसा होता, पिकाची उंची किती होती, अशी अनेक कारणे त्यामागे होती. एक शब्द वाचल्याने ते सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण बाटलीवर काय लिहिले आहे हे घरात एकाला तरी वाचता आले पाहिजे, असे मला वाटते.

आता बाबा फवारायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क घालतात. सुरुवातीला शेजारच्या धुऱ्यावरचे लोक हसले. बाबा त्यांना म्हणाले, "माह्या पोरीनं वाचून दाखवलं बाप्पा, मंग आयकाच लागते." आमच्या आजीलाही तो शब्द पाठ झाला आहे. मी रस्त्यावर धावत निघाले की ती ओट्यावरून ओरडते, "कॉशन, पोरी, कॉशन!"

११. पालकांना विनंती

काका, मावशी, तुम्ही शाळेत आलात तर घरी जाऊन एवढे करा. औषधाची बाटली आणली की मुलांना लांबून तिच्यावरचा रंग पाहू द्या आणि शब्द वाचू द्या, पण बाटलीला हात लावू देऊ नका. बाटली कुलपात ठेवा. खोक्यातला मराठी कागद फेकू नका, तो स्वतः वाचा. कागद नसेल तर दुकानातून मागून घ्या. फवारताना कोणाला मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम लगेच थांबवा, अंगावरचे कपडे बदला, अंग धुवा, दवाखान्यात न्या आणि बाटली किंवा तिच्यावरचा कागद डॉक्टरांना दाखवा. म्हणजे काय विष आहे हे त्यांना लवकर कळते.

१२. स्वाध्याय

मित्रांनो, पाठ संपला, आता अभ्यास.

(१) मोकळ्या जागी चार अक्षरे भरून शब्द वाचा : (अ) ए-सी-… (आ) एन-ए-… (इ) ओ-पी-ई-आर-ए-… (ई) सी-ए-यू-…

(२) गटात न बसणारा शब्द ओळखा व कारण सांगा : रेशन, स्टेशन, पेन्शन, नेशन.

(३) अर्थ सांगा : ऑक्शन, इरिगेशन, अॅडिशन, प्रिकॉशन.

(४) कोणत्या शब्दात गाय लपली आहे?

(५) क्वेश्चनमध्ये 'शन' का होत नाही?

(६) पिवळ्या रंगाच्या बाटलीवर कोणता शब्द असतो?

(७) घरच्या माणसांच्या बोलण्यात येणारे आणखी पाच 'शन' शब्द ऐकून वहीत लिहा. त्यांतले टी-आय-ओ-एन चे किती आणि फसवे किती, ते शब्दकोशात पाहून ठरवा.

उत्तरे : (१) अॅक्शन, नेशन, ऑपरेशन, कॉशन. (२) पेन्शन, कारण त्यात टी ऐवजी एस आहे. (३) लिलाव, सिंचन, बेरीज, आधीच घेतलेली काळजी. (४) व्हॅक्सिनेशन. (५) टी च्या आधी एस आहे म्हणून. (६) पॉइझन. सातव्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, ते तुमच्या घरी आहे. ज्याचे पाचही शब्द बरोबर येतील, त्याचे शब्द पुढच्या अंकात लावू.

लिहिताना सरांनी शब्दांची अक्षरे तपासून दिली. तरी काही चुकले असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावे आणि लहानांनी मला येऊन सांगावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी
जिल्हा परिषद शाळा, हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला